दुष्काळात विहीर, बोअर आणि टँकर : नियम, हिशेब आणि नेहमीचे घोळ

टंचाईच्या काळात ग्रामपंचायतीत, तहसील कचेरीत आणि पंचायत समितीत तेच ते प्रश्न फिरत असतात. विहीरमालक, सरपंच, ग्रामसेवक, जलसुरक्षक (गावाचं पिण्याचं पाणी तपासणारा माणूस) आणि टँकरची वाट बघणारे गावकरी यांच्यासाठी त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. संदर्भ महाराष्ट्राचा आहे. मोबदल्याचे आणि भाड्याचे दर शासन निर्णयांनी बदलत राहतात, म्हणून ते इथे दिलेले नाहीत. तुमच्या हातातल्या आदेशावर जो दर छापलेला असेल तोच धरा.

विहीर माझ्या शेतात, पाणी माझं. सरकार उपसा थांबवू शकतं का?

शकतं. हा गैरसमज फार जुना आहे आणि त्याला आधारही जुनाच आहे. १८८२च्या इंडियन इझमेंट्स ॲक्टनुसार आपल्या जमिनीखालचं, ठरावीक प्रवाहातून न वाहणारं पाणी काढायचा हक्क जमीनमालकाला आहे. पण तो हक्क निरंकुश नाही. महाराष्ट्राने १९९३ साली पिण्याच्या पाण्याच्या रक्षणासाठी भूजलाचा खास कायदा केला. त्यानंतर महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ आला आणि तो १ जून २०१४पासून लागू झाला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याचा स्रोत धोक्यात येत असेल तर आसपासच्या खाजगी विहिरींवर निर्बंध घालता येतात, ही या दोन्ही कायद्यांमागची मूळ कल्पना. तुमची विहीर आणि गावाची विहीर एकाच खडकातून पाणी ओढत असतात, बांध फक्त वर असतो.

५०० मीटर आणि एक किलोमीटर, यातला नेमका कोणता नियम मला लागू होतो?

दोन्ही लागू होऊ शकतात. पण ते वेगवेगळ्या गोष्टींसाठी आहेत, आणि इथेच सगळ्यात जास्त गल्लत होते.

५०० मीटर हा नव्या विहिरीचा किंवा बोअरचा नियम. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून एवढ्या अंतराच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खोदता येत नाही. वर्ष कोणतंही असो, पाऊस चांगला झालेला असो वा नसो. रोजगार हमीतून सिंचन विहीर मंजूर करतानाही हेच अंतर तपासतात.

एक किलोमीटर हा अस्तित्वात असलेल्या विहिरींचा, आणि तोही फक्त टंचाईच्या काळातला नियम. क्षेत्र टंचाईग्रस्त म्हणून जाहीर झालं, की सार्वजनिक स्रोतापासून एक किलोमीटरच्या आतल्या विहिरींचा उपसा कमी करायचा किंवा थांबवायचा आदेश देता येतो. त्यामुळे वीस वर्षं चालू असलेली विहीरसुद्धा या आदेशात येऊ शकते. “माझी विहीर नळयोजनेच्या आधीची आहे” हा युक्तिवाद ऐकायला जोरकस वाटतो, उपयोग मात्र होत नाही.

हे अंतर रस्त्याने मोजायचं की सरळ रेषेत?

सरळ रेषेत. बैलगाडीच्या वाटेने दीड किलोमीटर असलेली विहीर सरळ रेषेत आठशे मीटरवर असू शकते. तलाठ्याकडच्या गाव नकाशावर दोन्ही गट नंबर शोधून मोजपट्टी लावली तरी अंदाज येतो. मोबाईलवर दोन्ही ठिकाणचे अक्षांश-रेखांश घेतले तर काम आणखी सोपं. त्यासाठी विहिरीच्या काठावर उभं राहून, झाडाची सावली टाळून, मोबाईल दोन मिनिटं स्थिर धरा. पहिल्या क्षणाचं लोकेशन वीस-तीस मीटरने चुकलेलं असतं आणि अंतर ४९० की ५१० असा वाद असेल तर तेवढ्यानेच निकाल फिरतो.

अंतराइतकाच पाणलोटाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. दोन विहिरींच्या मध्ये टेकडीची धार असेल तर त्यांचं पाणी वेगळ्या बाजूंना उतरत असतं. अशा वेळी हरकत घेताना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातल्या वरिष्ठ भूवैज्ञानिकांचा अभिप्राय मागा. यंत्रणेने राज्याची विभागणी दीड हजारांहून जास्त पाणलोटांत केलेली आहे. तुमचा गट कोणत्या पाणलोटात येतो, हे तिथे कळतं.

तालुक्यात दुष्काळ जाहीर झाला, म्हणजे उपसाबंदी आपोआप लागू होते का?

नाही. या दोन वेगळ्या घोषणा आहेत आणि त्यांचे कायदेही वेगळे.

दुष्काळ राज्य सरकार जाहीर करतं. २०१८ साली १५१ तालुक्यांत, तर २०२३ साली ४० तालुक्यांत तो ३१ ऑक्टोबरला जाहीर झाला. त्यातून सवलती मिळतात : जमीन महसुलात सूट, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, परीक्षा शुल्कमाफी, रोजगार हमीच्या निकषांत सवलत, गरजेप्रमाणे टँकर, आणि टंचाईच्या गावांत शेतीपंपाची वीज न तोडणं.

भूजल कायद्याखालचं टंचाई क्षेत्र मात्र जिल्हाधिकारी स्तरावर, भूवैज्ञानिकांच्या सल्ल्याने जाहीर होतं. पाऊस आणि पाणीपातळी बघून ठरवतात आणि मुदत जास्तीत जास्त वर्षभराची. तालुका दुष्काळी नसला तरी त्यातली पाच गावं टंचाई क्षेत्रात असू शकतात. तालुका दुष्काळी आहे, पण तुमच्या विहिरीवर कसलाच निर्बंध नाही, असंही होतं.

पाणी कमी पडणार हे प्रशासनाला आधी कळतं का?

कळतं, आणि उन्हाळ्याच्या बरंच आधी कळतं. भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. पावसाळा संपतानाच्या मोजणीची तुलना मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी करतात. किती गावांत, कोणत्या महिन्यात टंचाई भासेल याचा अंदाज त्यावरून निघतो. त्यानुसार टंचाई कृती आराखडा तीन टप्प्यांत करतात : ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून.

म्हणून गावाने धावपळ करायची ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात. आराखड्यात गावाचं नावच नसेल तर एप्रिलमध्ये प्रत्येक प्रस्तावावर “आराखड्यात समाविष्ट नाही” असा शेरा पडतो आणि दुरुस्तीसाठी फाइल परत फिरते. उपसाबंदीचंही तसंच आहे. कांदा आणि गहू उभा असताना, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत बंदी आली तर पाणी खरोखर वाचतं. एप्रिलमध्ये विहिरींनी तळ गाठल्यावर आलेली बंदी फक्त कागदावर राहते.

उपसाबंदीची नोटीस आली. आता काय करायचं?

आधी आदेश नीट वाचा. पूर्ण बंदी आहे, की ठरावीक तास उपसा चालेल? घरगुती वापराला आणि जनावरांना सूट आहे का? गट नंबर आणि विहिरीच्या मालकाचं नाव बरोबर आहे का? सातबाऱ्यावर चार भाऊ आणि नोटीस एकाच्या नावाने, असं सर्रास घडतं.

उभं पीक असेल तर पंचनामा करताना पिकाचं नाव, क्षेत्र आणि पिकाचं वय लिहून घ्या आणि फोटो काढून ठेवा. पुढे नुकसानीबद्दल काही मागायचं झालं तर हाच कागद कामाला येतो. हरकत असेल तर ती मुदतीत, लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुणाच्याही लक्षात राहत नाही.

अंमलबजावणीत नेहमी दिसणारा प्रकार असा : स्टार्टरला सील लागतं, मंडळ अधिकारी गेले की रात्री आकडा टाकून दुसरी मोटर चालू होते. म्हणून महसूल खातं बंदी घालताना वीज कंपनीला पत्र देऊन जोडणीच तोडून घेतं. धरणाच्या आणि नदीच्या काठच्या उपसा पंपांवरही हीच पद्धत वापरतात.

बोअर किती खोल घेता येतो?

२००९च्या कायद्यात ६० मीटरपेक्षा जास्त खोल विहिरीला ‘खोल विहीर’ म्हटलं आहे. ६० मीटर म्हणजे १९७ फूट. अधिसूचित, म्हणजे या कायद्याखाली जाहीर केलेल्या क्षेत्रात शेती आणि उद्योगासाठी अशा खोल विहिरींना मनाई आहे, इतरत्र त्यांच्यावर उपकर बसवायची तरतूद आहे. बोअर पाडणाऱ्या यंत्राच्या मालकानेही नोंदणी करायची असते.

प्रत्यक्षात तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडहून आलेल्या बोअर गाड्या रात्रीत सहाशे-आठशे फूट जातात आणि सकाळी पुढच्या गावाला लागतात. तक्रार करायची असेल तर गाडीचा नंबर, वेळ, गट नंबर आणि फोटो त्याच रात्री तहसीलदार आणि तलाठ्याला पाठवा. दुसऱ्या दिवशी तिथे फक्त केसिंगचं, म्हणजे बोअरमध्ये बसवलेल्या पाइपचं तोंड आणि खडकाची राखाडी भुकटी असते. हा बोअर जुनाच आहे, असं कुणीही सांगू शकतं.

खोल गेलं की पाणी लागतंच ना?

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. त्यात पाणी साठतं ते मुख्यतः वरच्या मुरमात, भेगांत आणि दोन लाव्हा थरांच्या सांध्यात. जसजसं खाली जावं तसतशा भेगा कमी होतात. चारशे फुटांवर पाणी लागलं तर ते बहुतेक वेळा पिढ्यान्‌पिढ्या साठत आलेलं असतं. दोन उन्हाळ्यांत ते संपतं, कारण एका पावसाळ्यात ते परत भरत नाही.

दुसरी गोष्ट जास्त त्रासाची. खोल बोअर वरचे थर कापत जातो आणि केसिंग फक्त मुरमापुरतंच असेल तर वरच्या भेगांमधलं पाणी बोअरमधून खाली ओघळतं. शेजारची चाळीस फुटांची विहीर मग कोरडी पडते. विहीरवाल्याला वाटतं पाऊस कमी झाला.

गावाने ‘विहीर अधिग्रहित’ केली म्हणजे विहीर गेली का?

नाही. मालकी तुमचीच राहते. आदेशात लिहिलेल्या मुदतीपुरतं पाणी पिण्यासाठी घेतलं जातं आणि त्याचा ठरलेल्या दराने मोबदला मिळतो. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५च्या कलम ६५खाली साधनसामग्री आणि वाहनं अधिग्रहित करता येतात, कलम ६६ मोबदल्याबद्दल आहे. आदेशात अडथळा आणला तर कलम ५१खाली एक वर्षापर्यंतच्या कैदेची तरतूद आहे.

मोबदला रखडतो तो बहुतेक वेळा पुढच्या तीन कारणांनी. अधिग्रहण सुरू झालं त्या दिवसाचा ताबा-पंचनामा नसतो. वीजबिल कुणी भरायचं ते ठरलेलं नसतं. आणि पावसाळा लागल्यावर विहीर सोडल्याचा कागदच होत नाही, त्यामुळे दिवस किती धरायचे यावर बिल अडतं. ताबा दिला त्या दिवशी मीटरचं वाचन आणि पाण्याची पातळी काठापासून फुटांत मोजून पंचनाम्यात लिहा. सोडताना पुन्हा तेच करा. या दोन नोंदी असल्या की बिलावर फार वाद होत नाही.

टँकर मागायची पद्धत काय?

ग्रामपंचायतीने ठराव करून गटविकास अधिकाऱ्यांकडे प्रस्ताव द्यायचा. त्यानंतर तहसीलदार आणि गटविकास अधिकारी यांची संयुक्त पाहणी होते, ग्रामीण पाणीपुरवठ्याचे उपअभियंता आणि भूवैज्ञानिकही असतात. मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या प्रांताधिकारी-तहसीलदारांची.

टँकर हा शेवटचा उपाय समजतात. आराखड्यात नऊ उपाय असतात : अर्धवट राहिलेल्या नळयोजना लवकर पूर्ण करणं, नळयोजनांची विशेष दुरुस्ती, विंधन विहिरींची (बोअरची) विशेष दुरुस्ती, नव्या विंधन विहिरी, तात्पुरती पूरक नळयोजना, विहीर खोल करणं आणि गाळ काढणं, बुडक्या (नदी-ओढ्याच्या पात्रातले उथळ खड्डे) घेणं, खाजगी विहीर अधिग्रहण, आणि टँकर किंवा बैलगाडीने पाणी. पाहणीला आलेले अधिकारी पहिले आठ उपाय का चालत नाहीत, हेच विचारणार. म्हणून ठरावातच लिहा : गावात हातपंप किती, त्यातले बंद किती आणि का, सार्वजनिक विहिरीत आज किती फूट पाणी, रात्रभरात किती भरतं, जवळच्या खाजगी विहिरी कुणाच्या आणि त्यांची स्थिती काय. “गावात भीषण टंचाई आहे” एवढं एकच वाक्य असलेले ठराव आठवडाभर टेबलावर पडून राहतात.

वाड्या-वस्त्यांची नावं वेगळी लिहा. मंजुरी ‘गाव’ अशी आली तर टँकर गावठाणात रिकामा होतो आणि तीन किलोमीटरवरच्या वस्तीवर जात नाही. ड्रायव्हरची त्यात चूक नसते, आदेशात वस्तीचं नावच नसतं.

किती खेपा लागतील?

ग्रामीण भागात टँकरचा निकष माणशी दिवसाला २० लिटरचा आहे. १,८०० लोकवस्तीला ३६,००० लिटर, म्हणजे १२,००० लिटरच्या टँकरच्या तीन खेपा. लोकसंख्या कुठली धरली आहे ते बघा. २०११च्या जनगणनेनंतर वाढलेली कुटुंबं सोडून दिली तर कागदावर २० लिटर असलेलं पाणी प्रत्यक्षात पंधरावर येतं.

जनावरांचा हिशेब वेगळा मांडा. मोठ्या जनावराला उन्हाळ्यात दिवसाला चाळीस लिटर सहज लागतात. तीनशे जनावरं म्हणजे आणखी एक पूर्ण खेप. हा आकडा मागणीत नसेल तर गोठ्यातली तहान माणसांच्या हंड्यातूनच भागते.

मंजूर खेपा होणार की नाही, हे घड्याळावर ठरतं. साडेसात अश्वशक्तीची मोटर मिनिटाला पाचशे लिटर देत असेल तर १२,००० लिटर भरायला २४ मिनिटं. पंधरा किलोमीटर जायला पाऊण तास, यायला पाऊण तास, रिकामा करायला वीस मिनिटं. एक फेरी सव्वादोन तासांची झाली. तीन खेपांना जवळपास सात तास. आता त्यात वीज घाला. भरणा केंद्र शेतीच्या फिडरवर (शेतीपंपांच्या वीजवाहिनीवर) असेल तर थ्री फेज वीज दिवसातून आठ तासच मिळते आणि अनेकदा रात्रीची पाळी असते. त्यात केंद्रावर आणखी चार टँकर रांगेत असले की तिसरी खेप बुडालीच. उपाय एकच : भरणा केंद्राला गावठाण किंवा पाणीपुरवठ्याच्या फिडरवरून वीज मागायची, नाहीतर जनरेटर. ही मागणी टँकरच्या प्रस्तावाबरोबरच करावी, नंतर तिचा कुणी विचार करत नाही.

टँकरवर ‘१०,००० लिटर’ लिहिलंय. ते खरं कसं समजायचं?

टेप घेऊन मोजायचं. लंबगोल टाकी असेल तर रुंदी × उंची × लांबी × ०.७८५, सगळं मीटरमध्ये. आलेल्या आकड्याला हजाराने गुणलं की लिटर.

उदाहरण घ्या. रुंदी १.९, उंची १.३, लांबी ४.६ मीटर. गुणाकार येतो ८.९२, म्हणजे ८,९२० लिटर. टाकीवर १०,००० रंगवलेलं असेल तर प्रत्येक खेपेला हजार लिटर, म्हणजे पन्नास माणसांचं दिवसाचं पाणी, हवेतच आहे.

झाकण उघडून आत डोकवा. याच टाकीत पाणी वरून दहा सेंटिमीटर कमी असेल तर सुमारे तीनशे लिटर कमी धरा. मधल्या उंचीवर मात्र तेवढ्याच दहा सेंटिमीटरमध्ये जवळपास नऊशे लिटर जातात, कारण तिथे टाकी सगळ्यात रुंद असते. मागचा व्हॉल्व्ह गळका असेल तर बादली लावून बघा. पाच सेकंदांत लिटरभर गळत असेल तर पाऊण तासाच्या वाटेत पाचशे लिटरच्या वर पाणी रस्त्यावर सांडतं.

लॉगबुकवर कुणाची सही हवी आणि त्यात काय बघायचं?

लॉगबुकमध्ये भरल्याची वेळ, पोचल्याची वेळ, किलोमीटर, लिटर आणि पाणी घेणाऱ्यांच्या सह्या असतात. गावातल्या महिलांच्या सह्या घ्यायची पद्धत मुद्दाम ठेवली आहे. पाणी कधी आलं आणि किती आलं हे त्यांनाच नक्की माहीत असतं. ग्रामसेवकाने आठवड्याच्या सह्या एकदम केल्या की या पद्धतीचा जीवच जातो.

टँकरवर जीपीएस सक्तीचं आहे. जीपीएसचा अहवाल आणि लॉगबुक शेजारी ठेवून बघा. लॉगबुकात तीन खेपा आणि जीपीएसवर दोन, हे ताबडतोब उघड होतं. जीपीएस बंद असल्याच्या दिवसांची बिलं तर हमखास तपासावी. किलोमीटरचे आकडे रोज तंतोतंत सारखे असतील तर तेही संशयास्पदच, कारण खरा ओडोमीटर रोज एक-दोन किलोमीटर इकडेतिकडे होतो.

टँकरचं पाणी विहिरीत ओतायचं की टाकीत?

टाकीत. जागा आणि पैसे नाहीत म्हणून बहुतेक गावं कोरड्या विहिरीत ओततात, पण त्यात तीन तोटे आहेत. कोरड्या विहिरीच्या भेगांतून पाणी जिरतं. पडलेल्या पाण्याने तळाचा गाळ ढवळतो आणि क्लोरीन त्या गाळातच खर्ची पडतं. शिवाय काठावर एकाच वेळी शंभर दोर सुटतात, पाय घसरतो, माणसं विहिरीत पडतात.

पाच-पाच हजार लिटरच्या प्लास्टिकच्या टाक्या दोन-तीन ठिकाणी ठेवा, खाली दगडी किंवा विटांचा फूट-दीड फूट ओटा करा आणि प्रत्येकीला चार-सहा तोट्या लावा. ओटा सपाट नसेल तर भरलेली टाकी फाटते. पाच हजार लिटर म्हणजे पाच टन वजन असतं. विहिरीत ओतण्याशिवाय पर्यायच नसेल तर निदान काठावर लोखंडी जाळी आणि रहाट बसवा.

टँकरमध्ये टीसीएल (ब्लिचिंग पावडर) किती टाकायचं?

चांगली, म्हणजे ३३ टक्के क्लोरीनची ब्लिचिंग पावडर असेल तर हजार लिटरला ५ ग्रॅम. १२,००० लिटरला ६० ग्रॅम. पावडर थेट टाकायची नाही. बादलीत कालवून दहा-पंधरा मिनिटं ठेवायची, चुना खाली बसतो, वरची निवळी टँकरमध्ये ओतायची. ती भरायला सुरुवात करतानाच टाकली तर पाण्याच्या धारेने मिसळते. क्लोरीनला काम करायला अर्धा तास लागतो. तो वाटेतच मिळतो.

गावात पोचल्यावर जलसुरक्षकाने ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलं आहे का ते रंगावरून बघायची चाचणी घ्यायची. पिवळा रंग आला पाहिजे, शिल्लक क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम. रंगच आला नाही तर कारणं ठरलेली आहेत : पावडर जुनी, पोतं उघडं राहून तिची ताकद गेलेली, किंवा टाकीच्या आत शेवाळ आणि गंज. रिकामी टाकी आठवड्यातून एकदा आतून घासून धुतली तर बराच फरक पडतो.

विहिरीसाठी हिशेब : व्यास × व्यास × पाण्याची खोली × ०.७८५ × १,०००. सहा मीटर व्यास आणि दोन मीटर पाणी म्हणजे सुमारे ५६,५०० लिटर. त्याला २८० ग्रॅमच्या आसपास टीसीएल लागतं.

माझ्या विहिरीचं पाणी मी टँकरला विकू शकतो का?

शेतकरी असलात तरी इथे दोन अडचणी आहेत. पहिली विजेची. शेतीपंपाच्या जोडणीवर पाणी उपसून विकणं हा वीज कायदा २००३च्या कलम १२६खाली अनधिकृत वापर ठरतो आणि बिल दुप्पट दराने आकारलं जातं. व्यापारी जोडणी वेगळी घ्यावी लागते.

दुसरी भूजलाची. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या सप्टेंबर २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत शेती, घरगुती पिण्याचं पाणी, ग्रामीण पाणीपुरवठा योजना आणि दिवसाला दहा घनमीटरपेक्षा कमी उपसा करणारे सूक्ष्म-लघुउद्योग यांना सूट आहे. टँकरने पाणी विकणाऱ्यांना सूट नाही. त्यांना ना-हरकत घ्यावीच लागते. मुंबईत एप्रिल २०२५मध्ये याच अटींवरून महापालिकेने विहीरमालकांना नोटिसा दिल्या आणि टँकरचालकांनी संप केला. शेवटी महापालिकेने आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार घेऊन टँकर आणि विहिरी ताब्यात घ्यायचं ठरवलं, मग संप मिटला. पुरवठ्यासाठी अशा टँकरवरच विसंबलेल्या शहरात नियम राबवणं किती अवघड असतं, ते त्या चार-पाच दिवसांत दिसलं.

लातूरसारखी रेल्वेने पाणी आणायची सोय सगळीकडे का करत नाहीत?

११ एप्रिल २०१६ला मिरजेहून निघालेल्या पहिल्या ‘जलदूत’ गाडीने दहा वॅगनमधून पाच लाख लिटर पाणी आणलं. पावणेचार लाखांच्या शहरात ते माणशी दीड लिटरही होत नाही. नंतर पन्नास वॅगनची गाडी पंचवीस लाख लिटर आणू लागली, तरी माणशी साडेसहा लिटरच झालं. त्यासाठी मिरजेला भरायची आणि लातूरला उतरवायची स्वतंत्र पाइपलाइन लागली. खेड्यांना यातलं काहीच शक्य नाही. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावावी लागली होती.

कोरडा गेलेला बोअर तसाच ठेवला तर चालतो का?

नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली याबद्दल निर्देश दिले आहेत. बोअर घ्यायच्या आधी १५ दिवस प्रशासनाला लेखी कळवायचं, काम चालू असताना फलक आणि कुंपण, केसिंगभोवती सिमेंटचा ओटा आणि तोंडाला घट्ट झाकण. सोडून दिलेला बोअर माती, वाळू, दगडगोट्यांनी तळापासून तोंडापर्यंत भरायचा. तोंडावर पोतं कोंबून वर दगड ठेवणं म्हणजे भरणं नव्हे. पहिल्या पावसात पोतं खाली सरकतं. मोटर काढून नेल्यावर केसिंग पाइपही विकायला उपसतात, मग तिथे जमिनीच्या पातळीवर नुसतं सहा-आठ इंचांचं भोक उरतं. लहान मुलं पडतात ती अशाच भोकांत.

ग्रामसभा स्वतः बोअरबंदी करू शकते का?

ग्रामसभेच्या ठरावाला कायद्याच्या आदेशाइतकी ताकद नसते. पण गाव एक असेल तर तो आदेशापेक्षा चांगला चालतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने सिंचनासाठी बोअर घ्यायचे नाहीत असं ठरवलं आणि पाळलं. पाऊस मोजून, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून, कोणतं पीक घ्यायचं ते ग्रामसभेत ठरतं. अटल भूजल योजनेत राज्यातल्या १३ जिल्ह्यांत गावोगाव असेच ताळेबंद करायला घेतले.

ताळेबंद अवघड नाही. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. हजार हेक्टरच्या गावात ४०० मिलिमीटर पडला तर ४०० कोटी लिटर. बेसाल्टात त्यातला साधारण दहावा भागच मुरतो. आधी पिण्याचं पाणी बाजूला काढायचं, मग जनावरांचं, आणि उरलेल्यात किती एकर कांदा बसतो ते बघायचं. हा हिशेब फळ्यावर सगळ्यांसमोर मांडला की वाद आवाजाऐवजी आकड्यांवर होतो.

टँकर आलाच नाही, किंवा बिलं खोटी वाटतात. काय करायचं?

त्या दिवसाची तक्रार त्याच दिवशी गटविकास अधिकारी आणि तहसीलदारांना लेखी द्या, तारीख आणि खेपेच्या क्रमांकासह. बिलांबद्दल संशय असेल तर माहिती अधिकार कायदा २००५खाली पंचायत समितीत दहा रुपयांचा अर्ज करा. त्यात “टँकरची संपूर्ण माहिती द्यावी” असं मोघम लिहू नका. तीन गोष्टी नावानिशी मागा : अमुक ते अमुक तारखेच्या लॉगबुकच्या प्रती, त्याच काळाचा जीपीएस अहवाल, आणि मंजूर झालेली देयकं. उत्तराची मुदत तीस दिवसांची असते. लॉगबुकचं मूळ बाड स्वतः बघायची मागणीही करता येते. शक्य असेल तर तीच करा, कारण एका शाईने, एका बैठकीत केलेल्या महिनाभराच्या सह्या झेरॉक्सवर ओळखू येत नाहीत.